टाकीचं पाणी

त्यांचं खरं नाव घराच्या वीजबिलावर तेवढं उरलं होतं. बाकी चर्चच्या सगळ्या मंडळीत ते टाकीकाका होते आणि त्यांची बायको, तिला आवडो न आवडो, टाकीकाकू. "तुमच्या टाकीशी माझा काय संबंध?" असं ती वर्षानुवर्षं कुरकुरत आली होती, पण रस्त्यात कुणी तशी हाक मारली की मान आधी तिचीच वळायची.

धंद्याने ते प्लंबर. आसपासच्या निम्म्या घरांच्या भिंतींच्या पोटात त्यांनी टाकलेले पाइप होते, त्यामुळे रस्त्याने जाताना ते माणसांआधी घरांना ओळखत. हे गळकं, ते तुंबणारं, त्या कोपऱ्यावरच्याने स्वस्तातला नळ बसवून घेतला आणि आता भोगतोय. "लोक माणसांची विचारपूस करतात, हे मोऱ्यांची करतात," असं काकू पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसले की काका गंभीरपणे विचारायचे, "तुमच्याकडची मोरी कशी आहे?"

पण त्यांना टाकीकाका केलं ते चर्चच्या टाकीने. या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तो समजत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन आणि पाण्यात पूर्ण बुडून. डोक्यावर चार थेंब शिंपडलेले चालत नसत. जुन्या काळी हे सगळं चर्चच्या मागच्या ओढ्यात होई. दगडी इमारत उतारावर, तिच्या मागे कुंपण, कुंपणात एक छोटं फाटक आणि फाटकातून उतरलं की ओढा. पांढऱ्या झग्यातली माणसं त्या फाटकातून खाली जायची आणि ओलीचिंब होऊन, गात वर यायची. काका स्वतः तसेच वर आले होते.

पुढे वस्ती वाढली. वरच्या अंगाला दुकानं झाली, गाड्या धुण्याची जागा झाली, आणि जो तो आपली घाण ओढ्याला अर्पण करू लागला. पाणी काळं पडलं. एका बाप्तिस्म्यानंतर एका तरुणाच्या अंगभर फोड उठले, तेव्हा त्याच्या आईने उपासना चालू असताना उभं राहून विचारलं, "पाप धुवायला पाठवला होता का कातडी सोलायला?" चर्चच्या तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, दुसऱ्याच दिवशी मंडळीतल्या तरुण प्लंबरला बोलावून घेतलं.

त्याने व्यासपीठाखाली टाकी बांधली. वरच्या फळ्या उचलल्या की खाली छातीभर खोल हौद, उतरायला पायऱ्या, निळ्या फरश्या, तळाशी साखळीला बांधलेलं पितळी बूच. कामात कुठे खोड काढायला जागा नव्हती. तरी जुनी माणसं नाक मुरडून बसली होती. वाहतं पाणी सोडून हौदात डुंबायचं म्हणजे काय? तेव्हा तरुण प्लंबरनेच तोड काढली. टाकीचा सांडपाण्याचा पाइप त्याने गटाराला न जोडता जमिनीखालून मागे नेला आणि थेट ओढ्यात सोडला. "पाणी शेवटी ओढ्यालाच मिळतं," तो म्हणाला. "म्हणजे बाप्तिस्मा ओढ्यातलाच झाला म्हणा ना." म्हातारे एकमेकांकडे बघू लागले आणि त्यांच्यातल्या सगळ्यात हट्टी आजोबांनी मान डोलावली. त्या पाइपावर मंडळीचा समेट झाला.

तेव्हापासून टाकी भरायची, पाणी कोपराने तपासायचं, त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, उपासनेनंतर बूच काढायचं, सगळं काकांकडे. शिवाय बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांच्या शेजारी पाण्यात उभं राहायचं, ते वेगळंच. माणूस मागे झुकतो तेव्हा त्याच्या पाठीखाली जो हात असतो तो काकांचा. मंडळीतले डॉक्टर, शिपाई, शिक्षक, पोरीबाळी, सगळे कधी ना कधी त्या हातावरून पाण्यात गेलेले. लग्नात, मयताला कुणीही भेटलं तरी काका मनात म्हणत, हा हलका होता, हिने नाक धरलं होतं, याने बाहेर येताच मला लाथ मारली होती.

ओढा साफ करायचं खूळ काढलं ते त्यांच्या मेहुणीने. काकूची धाकटी बहीण, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आणि निवृत्तीनंतरही वर्ग शोधत हिंडणारी. एका रविवारी जाहीर सूचना संपल्यावर ती उभी राहिली. "देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची राखण करायला, हे आपण वाचतो," ती म्हणाली. "आणि मग उपासना संपली की चहाचे कप मागच्या कुंपणावरून भिरकावतो. मी मोजत नाही, पण बघते." कप टाकणारे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

तिची शनिवारची टोळी तयार झाली. रबरी बूट, हातमोजे, दोरखंड. ओढ्यातून गाद्या निघाल्या, टायर निघाले, एक शिवणयंत्र निघालं आणि चर्चच्याच हरवलेल्या दोन खुर्च्या निघाल्या. काका फाटकाशी उभे राहून बघत.

"भाऊजी, नुसते उभे का? हात लावा."

"ओढा साफ होणार असता, तर मला टाकी कशाला बांधायला लावली असती?"

"टाकी, टाकी! तुम्हाला स्वर्गात नेलं तरी आधी विचाराल, इथलं पाणी कुठे जातं?"

"विचारायलाच पाहिजे," काका म्हणाले. "कुठेतरी जात असणारच."

शेवटी त्यांना खाली उतरवलं ते लाँड्रीने. थोडं वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर एक लाँड्री होती. तिचं साबणाचं करडं पाणी ओढ्यात यायचं. लाँड्रीवाला चर्चचा नव्हता, कुठल्याच देवाच्या दारात फारसा दिसत नसे, पण बाप्तिस्म्याचे झगे वर्षानुवर्षं तोच धुऊन, इस्त्री करून देत होता. मेहुणीच्या तक्रारीवरून नगरपालिकेने त्याला एकदा ताकीद दिली. पुन्हा तक्रार आली तर दुकान बंद, असं साहेब सांगून गेले. तो हातातली इस्त्री ठेवून काकांकडे आला.

"टाकीशेठ, तुमची मेहुणी मला उपाशी मारणार."

"मला पण मारते. तोंडाने."

"मग आपण दोघं मिळून काहीतरी करू या."

काकांनी त्याच्या दुकानामागे शोषखड्डा केला. दगड, विटांचे तुकडे, वाळू, वर झाकण. साबणाचं पाणी त्यात उतरायचं आणि जमिनीत जिरायचं. ओढ्याकडचा जुना पाइप काकांनी स्वतः सिमेंट भरून बंद केला. काम करताना दोघांच्या इतक्या गप्पा झाल्या की नंतर काका काही काम नसतानाही दुकानात जाऊन झाकण उघडून बघत. "खड्डा ठीक आहे ना?" म्हणत, आणि स्टुलावर बसून चहा पीत.

मग एका वर्षी ओढ्यात मासे दिसले. बोटाएवढे, पाठीवर काळसर रेघ असलेले. आधी मेहुणीला दिसले, तिने ते सगळ्या मंडळीला फाटकातून रांगेने खाली नेऊन दाखवले. "हात घालायचा नाही, ओरडायचं नाही, सावली पाडायची नाही," असं ती ज्येष्ठ पंचांनाही बजावत होती. कुणीतरी मागे गुणगुणायला लागलं आणि हळूहळू सगळेच गायला लागले. मेहुणी तेवढी गायली नाही. ती खाली मान घालून उगाच बुटाची नाडी बांधत बसली.

टाकीकाकांना त्या माशांनी पार खिशात घातलं. संध्याकाळी ते फाटकातून उतरून काठच्या दगडावर बसू लागले. घरी परतायला उशीर होऊ लागला.

"माशांचं काय चाललंय?" काकू विचारायची.

"बरं चाललंय."

"माझंही बरं चाललंय हो, कुणी विचारलं तर."

त्याच वर्षी त्यांच्या नातीने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. ती नर्सिंग शिकायला दूर राहायची, सुट्टीला येणार होती. काकांचा पाय जमिनीवर ठरेना. इतकी माणसं त्यांच्या हातावरून पाण्यात गेली, पण आपल्या घरातलं माणूस बऱ्याच वर्षांत नव्हतं. मधे टाकी बराच काळ कोरडी पडली होती. त्यांनी फळ्या उचलल्या तर फरश्यांच्या सांध्यांत हिरवं शेवाळ धरलेलं. त्यांना ते मनाला लागलं. रुग्णालयात शिकणारी पोर, स्वच्छता तिला कळते. त्यांनी टाकी भरली आणि नेहमीची पावडर टाकल्यावर हातात डबा तसाच धरून थोडा वेळ उभे राहिले. मग आणखी तेवढीच टाकली. पाणी असं नितळ झालं की तळाच्या बुचाची साखळी कडी कडी दिसत होती.

रविवारी नात पांढऱ्या झग्यात पायऱ्या उतरली. "आजोबा, सोडू नका हं," ती पुटपुटली. "आजवर कुणाला सोडलंय?" ते म्हणाले. ती पाण्याखाली गेली, वर आली, आणि समोर बसलेल्या काकूने डोळ्यांना पदर लावला. पाळकसाहेबांच्या डोळ्यांतूनही घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांना शेवटची प्रार्थना नीट म्हणता येईना. मंडळी हेलावून गेली. पाळक तसे कोरडे, हिशेबी बोलणारे गृहस्थ, त्यांना असं गहिवरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सगळे जेवायला गेले तेव्हा काकांनी साखळी ओढून बूच काढलं. पाणी गरगर फिरत गेलं. त्या दिवसांत ओढ्याला धार बारीक होती.

सोमवारी सकाळी मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, या," एवढंच म्हणाली.

फाटकाच्या खालच्या बाजूला, जिथवर नजर पोचत होती तिथवर, मासे उलटे तरंगत होते. काही काठच्या गवताला अडकले होते. मेहुणी बुटांसकट पाण्यात उभी होती. हातातल्या बादलीत ती ते गोळा करत होती, आणि गोळा करून काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं.

"लाँड्री," ती म्हणाली. "दुसरं कोण? रविवारी आपण सगळे आत, त्याला रान मोकळं. खड्डा भरला असेल, दिलं सोडून."

"तो असं करणार नाही."

"तुम्ही त्याचा चहा पिता म्हणून तो साधू झाला का? मी आजच अर्ज लिहिते. बुधवारी प्रार्थनेला सगळ्यांच्या सह्या घेते."

काकांनाही राग आला होता, आणि राग लाँड्रीवाल्याचाच आला होता. एवढा जीव ओतून खड्डा करून दिला आणि हे फळ? ते तसेच पुलावरून पलीकडे गेले आणि दुकानात शिरून थेट मागे खड्ड्याकडे गेले.

"अरे, नमस्कार तरी कर!" लाँड्रीवाला इस्त्री ठेवून मागोमाग आला. "काय झालं?"

"झाकण उघड."

"तूच खणलास, तूच उघड."

काकांनी उघडलं. पाणी तळाशी होतं, जसं असायला हवं तसं. जुन्या पाइपाचं तोंड त्यांनी भरलेल्या सिमेंटने तसंच घट्ट बंद होतं. ते काठाला लागून झुडपांतून खाली चालू लागले. इकडून कुणी येत नसे, काटे फार. आणि लाँड्रीच्या खालच्याच डोहात त्यांना मासे दिसले. जिवंत, पाठीवरची रेघ हलवत, निवांत. आणखी खाली गेले, तिथेही जिवंत. काकांची पावलं आपोआप मंदावली. पाइपाचं काम करणाऱ्या माणसाला गळती कुठे आहे ते कळायच्या आधी अंगावर शहारा येतो, तसं त्यांचं झालं.

बारीक धार ओलांडून ते अलीकडच्या काठावर आले. चर्चच्या कुंपणाखाली, गवतात लपलेलं एक पाइपाचं तोंड होतं. त्याच्या वर मासे होते. त्याच्या खाली जिवंत एकही नव्हता. तोंडाखालच्या दगडावर हिरवंगार शेवाळ असायचं, ते आता पांढरं पडलं होतं, धुवट कापडासारखं. काकांनी त्यावर बोट फिरवलं.

ही टाकी किती वर्षं त्या ओढ्यात रिकामी होत होती! कुणाला कधी काही दिसलं नाही, कारण तेव्हा ओढ्यात मरायला काही होतंच कुठे?

काकांनी आजूबाजूला पाहिलं. मग बाजूचं लांब गवत ओढून त्या पांढऱ्या दगडावर पसरलं, बुटाने नीट दाबलं, आणि घरी गेले.

दोन दिवस ते घरात असून नसल्यासारखे होते. शेजारणीचा नळ दुरुस्त करायला गेले आणि वॉशर घरीच विसरून परत आले. असं कधी झालं नव्हतं. नात परत जायला निघाली तेव्हा तिने विचारलं, "आजोबा, माशांचं ऐकून वाईट वाटलं का?" तर ते "हो" म्हणाले आणि तिच्याकडे बघायचं टाळत तिची बॅग उचलून खाली गेले. सारखं एकच डोक्यात. हे बाहेर पडलं तर लोक काय म्हणतील? टाकीकाकांच्या नातीचा बाप्तिस्मा म्हणजे तो, ज्यात मासे मेले. पोरीच्या आयुष्यातला तो एक दिवस, त्याला कायमचा हा डाग. आणि टाकी? टाकी काढून घेतली की आपल्याकडे काय राहिलं? दुसऱ्या पारड्यात लाँड्रीवाला. दुसरी तक्रार, दुकान बंद. त्याला या वयात कोण नोकरी देणार?

बुधवारी दुपारी काकूने त्यांच्यापुढचं ताट ओढून घेतलं. "जेवत नाही ते नाही, निदान ताटाकडे असं बघू नका. मी काय विष घातलंय?"

तो शब्द ऐकून काका एवढे दचकले की काकूच खुर्चीत बसली.

त्यांनी सांगितलं. दुप्पट पावडर, पाइप, पांढरा दगड, वर ओढलेलं गवत. काकूने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्यांच्या संसारात हेही क्वचितच झालं असेल.

"गवत पण ओढलंत?" शेवटी तिने विचारलं.

"हो."

"लहान मुलासारखं?"

"हो गं."

"अहो, पोरीचं मी बघते, तिला मी फोन करीन," काकू म्हणाली. "ती तुमच्याइतकी मऊ नाही. माझ्यावर गेलीय. बहिणीला सामोरं जायचं तेवढं तुम्ही बघा. त्यात मी पडणार नाही, मला माझा जीव प्यारा आहे."

संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थनासभा होती. लांब टेबल, घडीच्या खुर्च्या, भिंतीवर चालायचं बंद झालेलं घड्याळ. प्रार्थना झाल्यावर मेहुणीने अर्ज वाचून दाखवला. भाषा शाळेतल्या निबंधासारखी स्वच्छ होती आणि त्यात लाँड्रीवाल्याला पळवाट म्हणून राहिली नव्हती. कागद टेबलावरून सरकू लागला. सह्या होत होत काकांपुढे आला.

काकांनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"पेन चालत नाही का?" शेजारच्याने विचारलं.

"पेन चालतंय," काका म्हणाले. ते उभे राहिले. "या कागदात लाँड्री लिहिलंय. ते खोडावं लागेल. मासे टाकीच्या पाण्याने मेले. माझ्या."

कुणाला पटकन अर्थच लागेना. काकांनी पाइप कुठून कुठे जातो ते टेबलावर बोटाने काढून दाखवलं. पावडरीचं सांगितलं. गवताचंही सांगितलं, ते सांगताना आवाज बारीक झाला.

"भाऊजी," मेहुणी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही सोमवारी माझ्या शेजारी उभे होतात. मी त्या माणसाला काय काय बोलले!"

"सोमवारी तेव्हा माहीत नव्हतं. तासाभराने कळलं."

"मग दोन दिवस?"

"दोन दिवस घाबरलो होतो."

मेहुणीने कागद ओढून घेतला, चार तुकडे केले, आणि ते फेकायचं भान न राहून हातातच धरून बसली. तेवढ्यात पाळकसाहेब खाकरले.

"मलाही थोडं सांगायचं आहे," ते म्हणाले. "रविवारी टाकीत उतरलो आणि माझे डोळे असे झोंबायला लागले की समोरचं दिसेना. तेव्हाच कळायला हवं होतं की पाण्यात काहीतरी जास्त झालंय. पण वर आल्यावर तीन-चार जणांनी माझा हात धरून सांगितलं, पाळकसाहेब, आज तुम्ही खरे भरून आलात. मला..." ते जरा थांबले. "मला ते आवडलं. म्हणून बोललो नाही."

आधी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली काकूच फसकन हसली. मग सगळे. मेहुणी हसली नाही, पण तिच्या खांद्यांचा ताण थोडा सैल झाला. "ते पाणी माणसांच्या डोळ्यांना सोसेना," ती म्हणाली, "ते त्या जिवांनी कसं सोसावं?" आणि हसू विरलं.

मग टाकीचं काय, यावर बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, बुजवून टाका, ओढा आता स्वच्छ आहे, ओढ्यातच उतरू. मेहुणी ताडकन म्हणाली, ओढ्यात अजून महिनोन् महिने कुणी पाय घालणार नाही. कुणी म्हणालं, पाइप गटाराला जोडा. त्यावर मागच्या खुर्चीवरून एका म्हातारबाबांनी हरकत घेतली, पाणी ओढ्याला मिळतं म्हणून तर आम्ही टाकी मान्य केली. काका सगळ्यांकडे बघत होते. आपल्या समोर आपल्याच टाकीचा निकाल चालला आहे आणि आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना रास्तच वाटलं.

शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

"पाइप उद्या मी बंद करतो," काका म्हणाले. "आतून आणि बाहेरून. पुढचं काय ते तुम्ही ठरवा. टाकी दुसऱ्या कुणाला द्यायची असली तरी चालेल. किल्ली आणलीय मी." त्यांनी फळ्यांच्या कुलपाची किल्ली टेबलावर ठेवली.

किल्ली बराच वेळ तशीच पडून राहिली. मग मेहुणीने ती उचलली, काकांच्या पुढ्यात सरकवली, आणि म्हणाली, "आता शिकलायत ना? नवा माणूस परत पहिल्यापासून मासे मारेल." तिच्या आवाजात माफी नव्हती. शिक्षिकेने नापास मुलाला त्याच वर्गात बसवावं, तसा तो आवाज होता. काकांना तेवढं पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मेहुणी लाँड्रीत गेली. लाँड्रीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवणं काही त्याने थांबवलं नाही.

"म्हणजे नाव माझ्या साबणाचं," तो म्हणाला, "आणि काम तुमच्या देवाच्या पाण्याचं."

"देवाच्या नाही. माझ्या," काका म्हणाले.

"तुझं मी ऐकलं. बाईंचं ऐकायचंय."

मेहुणी सरळ उभी राहिली. "मी पडताळून न पाहता तुमच्यावर आळ घेतला. चुकलं माझं." एवढं बोलून ती वळली आणि पायऱ्या उतरून गेली. लाँड्रीवाल्याने शर्ट घडी करून बाजूला ठेवला. "पाठ केल्यासारखं म्हणाली," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याने काकांना चहा विचारला नाही, आणि पुढेही बरेच दिवस विचारला नाही. काका जाऊन झाकण उघडून बघत, "ठीक आहे," म्हणत आणि परत येत.

पाइप बंद झाला. वरच्या डोहातले मासे हळूहळू खाली पसरले. मेहुणी रोज जाऊन नुसती बघत होती. आणि मग दोन भावांनी बाप्तिस्म्यासाठी नावं दिली.

आता पावडर नाही, म्हणजे टाकी हाताने घासायला हवी. काका ब्रश घेऊन कोरड्या टाकीत उतरले. गुडघे वाजत होते. अर्धी भिंत झाली असेल, तर वरून आवाज आला, "सांध्यांत बघा, सांध्यांत. तिथेच राहतं." मेहुणी रबरी बूट घालून पायऱ्या उतरत होती, हातात दुसरा ब्रश.

"मला शिकवू नकोस. सांधे मीच भरलेत."

"तेच म्हणते. सरळ भरले असते तर शेवाळ धरलं नसतं."

दोघं दुपारभर भांडत घासत राहिली. वर काकू फळीवर पाय सोडून बसली होती आणि कुठे राहिलं ते बोटाने दाखवत होती.

रविवारी दोघं भाऊ पाण्यात गेले आणि वर आले. पाळकसाहेबांचे डोळे कोरडे होते. मग प्रश्न आला, एवढं पाणी काढायचं कुठे? कुंपणालगत टोळीने झाडं लावली होती, त्यांना घालायचं ठरलं होतं, पण टाकी म्हणजे टाकी. बादल्या, घमेली, चहाची मोठी किटली, हाताला येईल ते घेऊन मंडळी रांगेत उभी राहिली. रविवारचे कपडे, बाह्या वर केलेल्या. नुकतेच बाप्तिस्मा घेतलेले दोघं भाऊ ओल्या झग्यांतच टाकीत उभे राहून बादल्या भरून देत होते. झाडं पिऊन तृप्त झाली, आळी भरून वाहू लागली, तरी टाकी गुडघाभर उरलीच. काकांची कंबर धरली. ते पायरीवर टेकले.

तेवढ्यात बाहेर ढकलगाडीची खडखड झाली. लाँड्रीवाला दारात उभा होता. मागे गाडीवर दोन रिकामी पिंपं.

"आत येऊ का?" त्याने विचारलं. "चर्चमध्ये कधी आलो नाही, बूट काढायचे का ते माहीत नाही."

"बूट राहू दे. काय पाहिजे?"

"पाणी. एवढं चांगलं पाणी बादलीने ओतताय, दुकानातून दिसतंय मला. माझा नळ सकाळपासून कोरडा आहे." त्याने टाकीच्या काठाशी येऊन आत वाकून पाहिलं, आणि मग काकांकडे बघून बोट उगारलं. "पण आधी खरं सांग, टाकीशेठ. त्यात पावडर नाही ना? माझ्याकडे सगळे रंगीत कपडे आहेत."

मेहुणी रांगेत बादली घेऊन उभी होती. तिच्याच तोंडातून आधी हसू फुटलं, मोकळं, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं. काका कंबरेला हात लावून उठले, ओंजळभर पाणी घेतलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. लाँड्रीवाल्याने वास घेतला. मग दुसऱ्यांदा घेतला, सावकाश, गिऱ्हाइकाचा रेशमी सदरा तपासावा तसा.

"चालेल," तो म्हणाला. "पिंपं आत आणायला कुणीतरी हात लावा. आणि संपलं की चहाला ये. खड्डा बघायला नको, नुसता चहाला ये."